जासईहून गिरगावात, मडमबाईंच्या मागे

जासईच्या नाक्यावर फार वेळ उभं राहू नका. न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर इथे कुणासाठी थांबत नाहीत, आणि आपल्याला मुंबई गाठायची आहे. सोपा रस्ता मलाही ठाऊक आहे. शेजारी चिर्ल्याला अटल सेतू उतरतो, टोल भरला की बघता बघता शिवडी. पण तो पूल २०२४ सालचा आणि आपल्याला जायचंय १८३३ च्या वैशाखात. मोबाइल ठेवा इथेच. घड्याळही काढा. चपला असू द्यात, पुढे हातात घ्याव्या लागतील.

पुरुष वाचकांना एक विनंती. जिथे जायचं आहे तिथे तुम्हाला ओट्याच्या आत कुणी घेणार नाही. तेव्हा आजच्यापुरतं लुगडं नेसा. चेष्टा करत नाही. नाहीतर दिवसभर बाहेर बसून माश्या माराल आणि मग म्हणाल, काही दाखवलंच नाही.

आता डोळे मिटा. हॉर्न विरत जातो, डिझेलचा वास जातो, आणि त्याच्या जागी नाकात शिरतो खाडीचा वास. चिखल, तिवरं, कुजका पाला, खेकडे. डोळे उघडाल तर लगेच पुन्हा मिटाल, कारण समोर मिठागर आहे. वैशाखातलं मीठ पिकलेलं असतं, त्याच्या पांढऱ्या राशी लागलेल्या असतात. ऊन वरून लागतं आणि मिठावरून उलटून खालूनही लागतं. कमरेला लंगोटी आणि डोईला फडकं एवढ्यावर आगरी गडी मीठ ओढतायत. त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ भरलंय. तुमच्या मऊ टाचांकडे बघून एकजण हसतो. हसू द्या.

"पानी भरलंय. आता ओहोट लागंल, बस पटकन!" नाखवा ओरडतो. तो मचवा तुमच्यासाठी थांबलेला नाही, मिठासाठी थांबलाय. चिखलात पाय घाला. गुडघ्यापर्यंत जातो, गार लागतो, आणि बाहेर काढताना एक चप्पल ठेवून घेतो. दुसरी तुम्ही स्वतःच फेकून द्या.

मचव्यात मिठाच्या गोणी, गवताचे भारे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि तोंडात विड्या धरलेली चार माणसं. बसायला जागा गोणीवर. तासाभरात मीठ घामात विरघळून लुगड्यातून मांडीला लागेल आणि चरचरेल. वारा पडलेला, म्हणून शीड नुसतं लोंबतंय, गडी वल्ही मारतायत. डाव्या हाताला द्रोणागिरीचा डोंगर सरकतो, समोर घारापुरी. त्या बेटावरचा दगडी हत्ती आहे तिथेच, पण त्याचं डोकं १८१४ सालीच गळून पडलंय. पुढे तो मुंबईला राणीच्या बागेत नेतील. नाखव्याला हे सांगू नका, वल्ही थांबवून तुमच्याकडे बघत बसेल आणि ओहोटी निघून जाईल.

मुंबई दिसते ती अशी: आधी नुसती माडांची रेघ. मग डोलकाठ्या, शंभर-दीडशे, एकात एक गुंतलेल्या. मग किल्ल्याची तटबंदी. एकही इमारत माडाच्या फार वर गेलेली नाही. मग वास येतो, आणि तो मात्र तुमच्या ओळखीचा आहे. वाळत घातलेले बोंबील.

मशीद बंदरात उतरा. कुणी हात देणार नाही. हमालांच्या पाठी, कापसाचे गठ्ठे, तुपाचे बुधले, तंबाखू, मिरच्या, बैलांचं मूत, आणि या सगळ्यावर एक गुजराती, मराठी, कोकणी, अरबी मिळून झालेला कल्ला. डोक्यावर पदर घ्या. तहान लागली असेल तर पखालवाल्याकडे मागा, पण घोट घेताना तोंड वाकडं करू नका. मुंबईला नळ नाहीत. विहारचं तळं बांधायला अजून वीसेक वर्षं आहेत. वैशाखात विहिरी तळाला जातात आणि पाणी मचूळ लागतं. बर्फ तर मागूच नका. अमेरिकेहून जहाजात भरलेला पहिला बर्फ मुंबईत यायला थोडा अवकाश आहे. आणि हो, रस्त्यावरच्या कुत्र्यांना दगड मारू नका. गेल्याच वर्षी कुत्री मारण्यावरून इथे दंगल पेटली होती, पारशी मंडळी अजून तापलेली आहेत.

मुंबादेवीचं तळं, काळबादेवी, आणि मग गिरगाव. एकदम सावली. गिरगाव म्हणजे वाड्याच वाड्या. माडांच्या, केळीच्या, आंब्यांच्या. वर माडाच्या शेंड्यावर भंडारी चढलेला, खाली मडक्यातून आंबूस वास. पाऊलवाटेवर झावळ्या पडलेल्या. अंब्रोली नावाच्या घरापाशी थांबा. इथेच राहतात रेव्हरंड जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट.

विल्सनसाहेबांचं नाव तुम्ही ऐकलेलं असणारच. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. आज ते व्हरांड्यात बसलेत, समोर एक शास्त्रीबुवा. आत्मा नाशिवंत की अविनाशी यावर दोघांची जुंपली आहे. दोन वर्षांपूर्वी मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला त्याची चर्चा गावभर आहे, आणि ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्र्यांपासून पानाच्या ठेल्यापर्यंत कुणाला तरी त्यावर मत असतंच. साहेबांचं मराठी झकास आहे. शास्त्रीबुवा मांडी ठोकतात, साहेब ग्रंथाचं पान उलटतात. दोघंही मजेत दिसतात. आपण त्यांना वळसा घालून मागच्या दारानं आत जाऊ, कारण आपलं काम त्यांच्याकडे नाही.

ती बघा. टेबल हवंय, आणि टेबलावर नवऱ्याचे हिब्रू कागद पसरलेत. ती ते एकेक करून उचलते, क्रम न मोडता खुर्चीवर ठेवते, आणि तिथे मुलींच्या शिवणाची फडकी मोजायला घेते. सदतीस वर्षांची आहे. नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बारीक चण, डोक्याला पांढरी टोपी, अंगात गळाबंद झगा, फुगीर बाह्या, आणि आत आवळलेली काचोळी. तुम्हाला लुगड्यात उकडतंय ना? मग तिच्याकडे बघा आणि गप्प बसा. मानेवर घामोळं आलंय, टोपीखालून घाम ओघळतोय, आणि ती ओठ हलवत मोजतेय. मराठीत.

ग्रीनॉक नावाचं स्कॉटलंडमधलं एक बंदर आहे. धुक्याचं, पावसाचं. तिथल्या केनेथ बेन या पाळकाची ही मुलगी. म्हणजे जन्मली पाळकाच्या घरात आणि बायको झाली पाळकाचीच. या मंडळींचा पंथ प्रेस्बिटेरियन. त्यांच्यात बिशप नसतो, पाळक आणि मंडळीतले वडीलधारे मिळून कारभार बघतात. देवळात मूर्ती नाही, मेणबत्त्यांचा थाट नाही, बाजासुद्धा नाही. नुसत्या गळ्यानं स्तोत्रं म्हणायची. रविवारी काम बंद, हसणंही बेतानं. अशा घरातली बाई १८२८ साली लग्न झाल्या झाल्या जहाजात बसली, आफ्रिकेला वळसा घालून पुढच्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली, आणि तिथून थेट कोकणात, बाणकोट आणि हर्णैला. हर्णैचा मासळीबाजार आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. तिथे बसून नवराबायकोनं मराठी गिरवलं. वर्ष संपायच्या आत दोघं मुंबईत आली, आणि थोड्याच दिवसांत तिनं मुलींच्या सहा शाळा उभ्या केल्या.

सहा शाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर इमारती आल्या असतील तर त्या पुसून टाका. चला, दाखवते ती.

दुपार कलायला लागली की दारात रेकला येतो. बैल जोडलेला, वर छप्पर. आत शिरा, पाय पोटाशी घ्या. प्रत्येक खड्ड्याला तुमचं डोकं छपराला लागेल. तिचं लागत नाही, सवय झालीय. मांडीवर पुस्तकांचं गाठोडं, हातात सुयांची डबी. मधूनच ती तुम्हाला विचारते, "आपण कोठून आलात?" जासई म्हटल्यावर विचार करते. खाडीपलीकडचं म्हटल्यावर मान हलवते. उच्चार स्वच्छ आहेत, पण वाक्यं पंडितानं शिकवल्यासारखी इस्त्रीची. मध्येच एखादा शब्द मात्र अस्सल किनाऱ्यावरचा येतो, हर्णैच्या बायकांकडून उचललेला असावा.

गल्लीत रेकला जात नाही. उतरा. दोन घरांच्या मधल्या बोळातून गटार ओलांडून एका ओसरीवर. हीच शाळा. शेणानं सारवलेली जमीन, अंथरलेलं गोणपाट, त्यावर पंधरावीस पोरी, आणि आवाज. कल्पना करा, प्रत्येक पोरगी आपापली अक्षरं आपापल्या चालीत, आपापल्या वेगानं, शेजारणीला हरवायच्या ईर्ष्येनं ओरडतेय. पुढ्यात धूळपाटी. लाकडी फळीवर लाल धूळ पसरायची, बोटानं क काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. हवेत ती धूळ तरंगतेय, नाकात जाते, शिंका येतात. खोबरेल तेल, कालचा कोमेजलेला गजरा, घाम, आणि कुठल्या तरी पोरीच्या ओच्यातली कैरी.

पंतोजी पुरुष आहेत. बायकांत वाचता येणारी मिळाली तरच बाई नेमायची, आणि ती मिळणार कुठून, मुळात शाळाच आत्ता निघतायत. पंतोजींच्या हातातली छडी मडमबाई दिसताच मांडीखाली जाते. हे तिनं पाहिलं. तुम्हीही पाहिलं. ती काही बोलत नाही, पुढे जाऊन छडीच्या बाजूला जमिनीवर बसते. बसणं सोपं नाही हो! त्या काचोळीत कंबर वाकत नाही. आधी एक गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा, आणि झग्याचा घोळ चारी बाजूंना. पोरी वाचन सोडून त्या घोळाकडे बघतायत. एकीनं हळूच कापड चिमटीत धरून बघितलं. दुसरीनं तुमचं.

मग परीक्षा. एकेकीला पुढे बोलावून वाचायला देते. काहींना खरंच वाचता येतं, काहींनी पाठ केलंय आणि बोट भलत्याच ओळीवर फिरतंय. ती बोट हळूच उचलून योग्य ओळीवर ठेवते. मग गोष्ट. येशूनं वादळ शांत केलं ती. समुद्र, होडी, घाबरलेली माणसं. कोळ्याची एक पोर मध्येच विचारते, होडी केवढी होती आणि तांडेल कोण होता. मार्गारेटपाशी याचं उत्तर नाही. आत्ताच मचव्यातून आल्यामुळे तुम्हाला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

इथे मला जरा थांबून एक बोलायचं आहे. ही बाई पोरींना वाचायला शिकवतेय, कारण त्यांनी बायबल वाचावं असं तिला मनापासून वाटतं. त्यांचे देव खोटे आहेत यावर तिचा पक्का विश्वास आहे, आणि ती ते लपवत नाही. आज आपल्याला हे खटकतं, खटकावंही. पण शाळा सुटल्यावर बघा. तीच पोर ‘येशू कोण होता’चं उत्तर खणखणीत देऊन बाहेर पडते आणि पहिल्या देवळापाशी चालता चालता हात जोडते. तिला त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण व्हरांड्यातल्या त्या दोन पुरुषांना आहे. मार्गारेटनं तो नमस्कार पाहिला का? पाहिला. तोंडावर काय उमटलं ते मात्र टोपीच्या झालरीनं झाकलं.

पण त्याआधी शिवण बाकी आहे. सुई तुमच्याही हातात दिली जाईल. घामानं बोटं चिकट झालेली, दोरा ओवला जात नाही. शेजारची सहा वर्षांची पोर तुमच्याकडून सुई ओढून घेते, दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करते, ओवते, परत देते. वर विचारते, "तुम्ही एवढ्या मोठ्या झाल्या, तुम्हाला नाही शिकवलं?" 

हिशेबाची वही शेवटी निघते. पंतोजींचा पगार. ओसरीचं भाडं. घरोघर फिरून पोरींना गोळा करून आणणाऱ्या म्हातारीचे पैसे. पोरी आपण होऊन येत नाहीत, आणायला बाई लागते. रोज कुणी आजारी, कुणाकडे पाहुणे, कुणाला धाकट्या भावाला खेळवायचंय. पंतोजी म्हणतात वीस आल्या होत्या, म्हातारी म्हणते तेरा. मार्गारेट पुन्हा मोजते. गंमत अशी की या वहीत सगळ्यांचे पैसे आहेत, एक तिचे सोडून. मिशनच्या पगारपत्रकात पाद्र्याचं नाव असतं. पाद्र्याची बायको त्या पगारात धरलेली. त्याच मुंबईत सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनची बाई १८२७ पासून मुलींच्याच शाळा बघतेय, ती अविवाहित म्हणून तिची नेमणूक तरी रीतसर झाली. पुढे अहमदनगरला जाऊन ती मोठं काम करील. मार्गारेटला तसला हुद्दा नाही. ‘मिसेस विल्सन’ एवढाच.

बोळातून बाहेर पडता पडता ताशा ऐकू येतो. बाजूला व्हा, वरात आहे. लग्नसराईच चालू आहे, आठवड्यात ही कितवी कोण जाणे. आधी सनई, मग ताशेवाले, मग हिलाल. उजेड आहे तरी हिलाल पेटलेत, तेलाचा काळा धूर तुमच्या तोंडावर येतो. अत्तर, झेंडू, घाम, घोड्याची लीद. गर्दी तुम्हाला भिंतीशी दाबते, मुंडावळ्यांआड एक चेहरा दिसतो न दिसतो तोच मार्गारेट पुढे होते. घोड्यावर नवरदेवाच्या पुढ्यात बसवलेली नवरी पेंगतेय. नऊ वर्षांची असेल. नथ नाकापेक्षा मोठी. ती डोळे उघडते, मडमबाईंना ओळखते, आणि चुडा भरलेला हात वर करून जोरात ओरडते, "क, का, कि, की!" कुणीतरी दटावतं. ताशा वाढतो. घोडा पुढे जातो.

म्हातारी तुमच्या कानात सांगते, सगळ्यांत पुढे होती ती. गोष्ट वाचायला लागली होती. आता सासरी जाईल.

मार्गारेटनं रेकल्यात बसल्यावर वही उघडली, पेन्सिलीनं एका नावावर रेघ मारली, वही मिटली. अशा रेघा त्या वहीत पुष्कळ आहेत. शिकवायचं, वाचता यायला लागलं की लग्न, आणि मग उंबरठा. म्हणूनच तर तिनं १८३२ मध्ये निराधार आणि गरीब मुलींसाठी राहण्याची शाळा काढली. तिच्याच घरी राहिल्या तर निदान काही वर्षं हाताशी राहतील, एवढा साधा हिशेब. म्हणजे सहा शाळा बाहेर, आणि सातवी स्वतःच्या अंगणात. 

घरी पोचाल तेव्हा त्या सातव्या शाळेत दोन पोरींत कंगव्यावरून मारामारी चाललीय. तिसरीला ताप. चौथी रुसून विहिरीपाशी बसलीय, जेवत नाही. ताप असलेलीच्या कपाळावर पाण्याची पट्टी तुम्ही ठेवा, कंगवा मार्गारेट जप्त करील. विहिरीपाशी बसलेलीकडे ती स्वतः जाते आणि काही न बोलता शेजारी बसते. त्याच अवघड पद्धतीनं, एक गुडघा, हात, दुसरा गुडघा. पोरगी तिरप्या नजरेनं बघते, हसू दाबते, दाबलं जात नाही. जेवायला उठते. आत तिचा स्वतःचा लहानगा अँड्र्यू झोपायला तयार नाही. हा पुढे मोठा फिरस्ता होईल, हिमालयात हिंडेल, त्यावर पुस्तक लिहील. आत्ता तो फक्त रडतोय.

व्हरांड्यातला वाद संपला. शास्त्रीबुवा उद्या येतो म्हणून गेले. साहेब आत येतात, टेबलाकडे बघतात, हिब्रू कागद खुर्चीवर, क्रमानं. खूश होतात. रात्रीची प्रार्थना होते, तुम्हीही मागे उभे राहा. बाजा नाही म्हणून सांगितलं होतंच. नुसते आवाज, त्यात पोरींचे मराठी आवाज वरच्या पट्टीत, सूर थोडा सरकलेला. पालीनं मध्येच चुकचुक केलं की मुली एकमेकींकडे बघतात.

मग सगळे झोपतात आणि ती लिहायला बसते. खोबरेल तेलाचा दिवा, त्यावर पतंगांचा थवा, हवेत पान हलत नाही. मनगटाखाली टीपकागद धरते, नाहीतर घामानं शाई पसरते. नवरा ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ नावाचं मासिक काढतो, १८३० पासून, त्याला हिचाही मजकूर लागतो. तो दौऱ्यावर गेला की पत्रव्यवहार आणि घरदार, शाळा, मंडळी हिच्याच अंगावर. मग स्कॉटलंडला पत्रं. आजचं पत्र तिकडे पोचायला चारपाच महिने, उत्तर यायला तितकेच. बहिणींना ती लिहिते. आज वरातीत दिसलेल्या पोरीबद्दल लिहीत असेल का? मान लांब करून वाचू नका, बरं दिसत नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, ही तुमची अडचण. तिच्यापाशी आता दोन वर्षंही उरलेली नाहीत. १९ एप्रिल १८३५ ला, अशाच उन्हाळ्यात, मुंबईतच ती जाणार आहे, चाळिशी गाठायच्या आत. नवरा तिच्या पत्रांवरून आणि टिपणांवरून तिचं चरित्र करून १८३८ मध्ये छापील. ॲना बेन आणि हे बेन या तिच्या दोन बहिणी १८३७ मध्ये याच शाळा चालवायला येतील, आणि त्यांनाही क, का, कि, की पासून सुरुवात करावी लागेल. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात मार्गारेटच्या १८३२ च्या त्या शाळेपासून धरते. यातलं काहीही बोलू नका. विश्रांती घ्या असंही म्हणू नका. मी म्हणून पाहिलं असतं, पण सकाळी सहाला रेकला सांगून ठेवलाय तिनं.

सहाला म्हणजे सहाला. तुमची पाठ अजून मिठाच्या गोणीवरच आहे असं वाटतंय, पण उठा. रेघ मारलेल्या नावाच्या जागी नवी पोर आणायची आहे आणि म्हातारीनं एक घर हेरलंय. विहिरीवर गर्दी, घागरींचा ठणठणाट, भांडण. पाण्याला रांग आहे आणि बायकांना मडमबाईंशी बोलायला फुरसत नाही. एक सापडते. कडेवर तान्हं, कमरेला एक, आणि पदर धरून उभी असलेली सात वर्षांची मुलगी. हीच.

"पोरीला शाळेत पाठवाल का?" मार्गारेट विचारते.

"मला पाणी भरू द्या आधी."

मार्गारेट थांबते. तुम्हीही थांबा, ऊन चढतंय तरी. घागर भरते.

"शिकून काय करायचं तिनं?"

"वाचील."

"काय वाचील?"

मार्गारेट क्षणभर तुमच्याकडे बघते. तुम्ही दोनशे वर्षं पुढून आलात, तुमच्यापाशी याची कितीतरी उत्तरं आहेत. एकही त्या बाईला सांगण्यासारखं नाही. पोर मात्र मडमबाईंच्या हातातल्या पुस्तकाचा कोपरा धरून ओढतेय.

"देत्ये मी पाठवून," बाई म्हणते, "पण मग या दोघांना बघणार कोण? दिवसभर हीच बघत्ये त्यांना."

"त्यांनाही येऊ द्या," मार्गारेट म्हणते.

"दोघांना?"

"दोघांना."

बाईनं एकदा मार्गारेटच्या झग्याकडे पाहिलं, मग तुमच्या लुगड्याकडे, आणि तान्हं उचलून तुमच्या कडेवर दिलं. मोठं तुमचं बोट धरून उभं राहिलं. मुलगी तोवर पुस्तक घेऊन रेकल्यापर्यंत पोचलीसुद्धा, आणि तान्ह्यानं तुमच्या कमरेवर मुतायला सुरुवात केलीय. म्हातारी मागून ओरडतेय, चला चला, पंतोजी वाट बघत असतील, अजून तीन घरं राहिलीत.